कृत्रिम माशी (मासेमारीतील)

गळाच्या दांडीवर रेशमी धाग्याने लोकर, प्राण्यांचे केस, पक्ष्यांची पिसे इ. द्रव्ये बांधून तयार केलेली कीटकाची प्रतिकृती. ट्राउट व ग्रेलिंग या थंड, वाहत्या पाण्यातील माशांच्या मासेमारीत ती आमिष म्हणून वापरतात. गांडूळ, कणकेचा गोळा यांसारख्या आमिषांस रुची व गंध असतात. कृत्रिम माशीत यांपैकी काहीच नसते. तिचे यश आकार, रंग, पारदर्शकता व पाण्यातील हालचाल यांवरच अवलंबून असते. तिला वजनही जवळजवळ नसल्यामुळे ती शिशाच्या भाराने दूर फेकता येत नाही. लवचिक काठीच्या साहाय्याने जड दोरीच फेकावी लागते व दोरीमागून माशी जाते. अशी माशी बांधण्याच्या कलेचा लेखी पुरावा सु. अठराशे वर्षांचा आहे. हस्तव्यवसाय, कीटकविज्ञान, व्यापार आणि नद्यांचे आरोग्य अशा अनेक विषयांचे धागे तिच्या इतिहासात गुंतलेले आहेत.

मासे व त्यांचे कीटकभक्ष्य : तपकिरी ट्राउट (सॅल्मो ट्रुटा) हा मूळचा यूरोप व त्यालगतच्या प्रदेशांतील मासा असून ग्रेलिंग (थायमॅलस थायमॅलस) हा त्याच्याच सॅल्मॉनिडी कुलातील आहे. ग्रेलिंगचा पृष्ठपक्ष मोठा व शिडासारखा असतो, तर तोंड लहान व किंचित खालच्या बाजूस वळलेले असते. ताज्या माशाला थाइम या सुगंधी वनस्पतीसारखा वास येतो, अशा समजुतीवरून त्याचे शास्त्रीय नाव पडले. ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीस व हिवाळ्यात, तर ग्रेलिंग वसंत ऋतूत अंडी घालतो. त्यामुळे ट्राउटचा हंगाम संपल्यावरही ग्रेलिंगची मासेमारी चालू राहते.

दोघांचेही बरेचसे अन्न जलकीटकांचे असते. त्यांत मे माश्या, कॅडिस माश्या, स्टोनफ्लाय व लहान द्विपंखी कीटक हे प्रमुख होत. मे माशीचे अर्भक पाण्याच्या तळाशी वाढते, पूर्ण वाढल्यावर पृष्ठभागाशी येते व कात टाकून पंखयुक्त उपप्रौढ होते. काही तासांनी किंवा एकदोन दिवसांनी ते पुन्हा कात टाकते व चकचकीत पंखांचे प्रौढ रूप घेते. अंडी घालून झाल्यावर प्रौढ कीटक पाण्यावर निर्जीव पडतात. या प्रत्येक अवस्थेत मासा त्यास खातो आणि एखाद्या वेळी एकाच अवस्थेवर लक्ष केंद्रित करून इतर सर्व खाद्य नाकारतो. कोणत्या अवस्थेचे अनुकरण करावे, या प्रश्नाभोवतीच या कलेतील बहुतेक वाद घडले आहेत.

रचना व कृती : माशीचे शेपूट, धड, पंख आणि पायांचे कडे असे साधारणतः चार भाग कल्पिले जातात. पायांच्या जागी कोंबड्याच्या किंवा अन्य पक्ष्याच्या मानेवरील पीस गळाभोवती गुंडाळतात. त्याचे तंतू चहूबाजूंनी किरणांसारखे उभे राहतात. या पिसास ‘हॅकल’ म्हणतात. धडासाठी ससा, मोल इ. प्राण्यांची मऊ लव मेण लावलेल्या धाग्यावर पिळून तो धागा दांडीवर गुंडाळतात, किंवा मोरपिसाचा एखादा तंतू अथवा पिसाची सोललेली दांडी वापरतात. त्यावर सोनेरी किंवा चंदेरी तारेचे वेढे दिले, की कीटकाच्या धडावरील वलयांचा भास होतो. शेवटी गळाच्या डोळ्यामागे गाठ मारून धागा तोडतात.

तरंगती माशी आणि बुडती माशी असे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. तरंगत्या माशीस ताठ, चमकदार व पाणी न शोषणारे नरकोंबड्याचे पीस लागते. पाण्याच्या पृष्ठताणामुळे ती वर राहते. बुडत्या माशीस कोंबडी, तितर किंवा पाणलावा यांचे मऊ पीस योग्य ठरते, कारण प्रवाहात ते सजीव पायांप्रमाणे हालते. पूर्वीचे कारागीर गळ बोटांच्या चिमटीत धरूनच माशी बांधीत. गळ पकडणारा छोटा शेगडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आला.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : कृत्रिम माशीचे सर्वांत जुने निःसंदिग्ध वर्णन रोमन लेखक ईलियन याच्या प्राण्यांविषयीच्या ग्रीक ग्रंथात (इ. स. सु. २००) आढळते. मॅसिडोनियातील बेरिया व थेसालोनायका यांच्यामधून वाहणाऱ्या अस्ट्रीअस नदीतील ठिपकेदार मासे पाण्यावरील एक विशिष्ट कीटक खातात. हा कीटक हातात धरताच त्याचा रंग उडतो व पंख मिटतात, म्हणून तो आमिषास निरुपयोगी ठरतो, असे तो सांगतो. त्यामुळे तेथील कोळी गळावर तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधीत. काठी सहा फूट व दोरीही तेवढीच असे. खरा कीटक वापरता येत नाही, या व्यावहारिक अडचणीतून अनुकृतीची कल्पना निघाली, हे या वर्णनावरून स्पष्ट होते.

तेराव्या शतकाच्या आरंभी जर्मन कवी वोल्फ्राम फोन एशेनबाख याच्या टिटुरेल या अपूर्ण काव्यात नायक पिसे बांधलेल्या गळाने ग्रेलिंग व ट्राउट पकडताना दिसतो. कवीने या साधनाचे स्पष्टीकरण दिलेले नाही; यावरून ते त्याच्या श्रोत्यांच्या परिचयाचे असावे, असे अनुमान निघते.

इंग्लंडमध्ये १४९६ साली विंकिन डी वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे छापलेल्या ग्रंथसंग्रहात गळाच्या मासेमारीवरील एक प्रबंध समाविष्ट झाला. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्यूलिआना बर्नर्झ या धर्मभगिनीकडे दिले जाते. परंतु त्यास भक्कम आधार नाही. यात बारा माश्यांची कृती महिन्यांच्या क्रमाने दिली आहे. लोकरीचे धड आणि तितराच्या किंवा बदकाच्या पिसांचे पंख अशी त्यांची सामान्य घडण असून, त्यांतील काहींचे वंशज आजही ओळखता येतात. स्पेनमधील लेऑन प्रांतात ह्वान दे बेर्गारा याने १६२४ मध्ये लिहिलेले हस्तलिखित ‘अस्तोर्गाचे हस्तलिखित’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात तेथील खास कोंबड्यांच्या चकचकीत, काचेसारख्या पिसांचा वापर तपशिलाने दिला असून त्या कोंबड्यांची पैदास त्या भागात अद्यापि चालू आहे.

आयझाक वॉल्टन (१५९३–१६८३) याच्या द कम्प्लीट अँग्लर (१६५३) या ग्रंथाची कीर्ती मोठी असली, तरी माशी बांधण्याचे खरे सखोल विवेचन १६७६ च्या पाचव्या आवृत्तीस चार्ल्‌स कॉटन (१६३०–८७) याने जोडलेल्या दुसऱ्या भागात आहे. कॉटन हा डर्बीशरमधील डव्ह नदीकाठी राहणारा कवी होता. त्याने पासष्ट माश्यांची महिनावार यादी दिली. लोकरीची खरी छटा पाहण्यासाठी ती डोळा व सूर्य यांच्यामध्ये धरावी, ही त्याची सूचना विशेष महत्त्वाची आहे. कारण मासा माशी खालून, प्रकाशाविरुद्ध पाहतो, हे तत्त्व तीत अनुस्यूत आहे.

कीटकविज्ञानाशी सांधा : दीर्घकाळ माश्यांची नावे स्थानिक व संदिग्ध होती, एकाच कीटकाला दोन खोऱ्यांत दोन नावे असत. हा गोंधळ दूर करण्याचे श्रेय ॲल्फ्रेड रोनल्ड्‌झ (१८०२–६०) यास जाते. त्याच्या १८३६ मधील द फ्लाय-फिशर्स एंटोमॉलॉजी या ग्रंथात प्रत्येक कृत्रिम माशीशेजारी तिच्या मूळ कीटकाचे रंगीत चित्र व शास्त्रीय नाव देण्यात आले. स्टॅफर्डशरमधील ब्लाइद नदीच्या काठी त्याने निरीक्षणासाठी झोपडी उभारली होती. तीत बसून त्याने ट्राउटच्या श्रवणशक्तीची व रुचीची परीक्षा घेतली. जवळच बंदुकीचा बार उडविला, तरी माशांवर परिणाम झाला नाही. काठावरील आवाजापेक्षा माणसाची आकृती दिसणे माशास अधिक सावध करते, ही गोष्ट त्यातून पुढे आली. प्रयोगाने विधान तपासण्याची ही वृत्ती त्याआधीच्या वाङ्‌मयात क्वचितच दिसते.

याच काळात स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील खडकाळ, वेगवान नद्यांवर वेगळी परंपरा वाढत होती. डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट याने द प्रॅक्टिकल अँग्लर (१८५७) या पुस्तकात प्रवाहाच्या उलट दिशेने, माशाच्या मागून गळ टाकण्याचा पुरस्कार केला व मऊ पिसांच्या तीनच साध्या माश्या पुरेशा मानल्या. यॉर्कशरमधील टी. ई. प्रिट याने १८८५ मध्ये तेथील परंपरागत माश्यांची नोंद केली. नारिंगी रेशीम व तितराचे पीस, किंवा जांभळे रेशीम व पाणलाव्याचे पीस, एवढीच त्यांची सामग्री असे. मात्र धाग्याचे वेढे किती व पिसाचे किती, याचे नियम काटेकोर होते. या माश्या कोणत्या एका कीटकाची हुबेहूब नक्कल करीत नाहीत. बुडालेल्या, धडपडणाऱ्या कीटकाचा केवळ आभास देतात. ग्रेलिंगसाठी त्या आजही उपयुक्त ठरतात.

तरंगत्या माशीचा पंथ : दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट व इचेन या नद्या चुनखडीच्या भूस्तरांतून झऱ्यांनी पोसल्या जातात. त्यांचे पाणी संथ, नितळ व कीटकांनी समृद्ध असते. कीटक टिपणारा मासा काठावरून स्पष्ट दिसतो. अशा पाण्यावर माशी कोरडी व तरंगती ठेवणे फायद्याचे होते, पण त्यासाठी हलका, लहान आणि डोळा असलेला गळ हवा होता. १८७९ च्या सुमारास हेन्री हॉल व जॉर्ज सेल्विन मॅरियट (१८४०–९६) यांनी असे गळ सिद्ध केले. त्यापूर्वी गळाच्या दांडीला घोड्याचा केस किंवा रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून काढलेला तंतू कायमचा बांधलेला असे; तो झिजला, की माशीही वाया जाई.

फ्रेडरिक हॅलफर्ड (१८४४–१९१४) याने मॅरियटच्या साहाय्याने फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टू ड्रेस देम (१८८६) व त्यापाठोपाठ १८८९ मध्ये दुसरा ग्रंथ प्रसिद्ध करून या पद्धतीस शास्त्राचे रूप दिले. पृष्ठभागावर कीटक टिपणारा मासा आधी शोधावा, तो कोणता कीटक खातो हे ओळखावे आणि त्या कीटकाची नेमकी प्रतिकृती त्याच्यापुढे प्रवाहावर सोडावी, असा त्याचा दंडक होता. नर व मादी, उपप्रौढ व प्रौढ यांच्या स्वतंत्र प्रतिकृती तो करी. पुढे त्याच्या अनुयायांनी या पद्धतीला नीतिनियमाचे स्वरूप दिले. काही पाण्यांवर बुडती माशी वापरणे हा जवळजवळ गुन्हाच समजला जाऊ लागला.

या एकांगी मताला छेद देणारा जी. ई. एम. स्क्यूझ (१८५८–१९४९) हा व्यवसायाने वकील होता. पकडलेल्या ट्राउटच्या जठरातील अन्न काढून, पांढऱ्या बशीत पाण्यात पसरून तो तपासत असे. मासा पृष्ठभागाशी कीटक टिपताना दिसला, तरी पुष्कळदा तो पृष्ठभागाखालील अर्भकेच खात असतो, असे त्यास आढळले. मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम (१९१०) व नंतरच्या ग्रंथांतून त्याने अर्भकाच्या प्रतिकृतींचा पुरस्कार केला. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या प्रश्नावर औपचारिक वादसभा झाली. वरवर हा वाद एका खेळाच्या शिष्टाचाराचा होता. माशाच्या पोटात प्रत्यक्ष काय सापडते यावर विश्वास ठेवावा की प्रतिष्ठित झालेल्या नियमावर, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. कालांतराने स्क्यूझचे म्हणणे सर्वत्र मान्य झाले.

पारदर्शकतेचा प्रश्न विमानविद्येतील अभियंता जे. डब्ल्यू. डन याने १९२४ मध्ये पुन्हा पुढे आणला. गळाच्या दांडीला पांढरा रंग देऊन तीवर कृत्रिम रेशीम गुंडाळले व ते तेलाने भिजविले, तर धड खऱ्या कीटकाप्रमाणे प्रकाश आरपार सोडल्यासारखे दिसते, हे त्याने दाखविले.

फ्रँक सॉयर (१९०६–८०) हा विल्टशरमधील एव्हन नदीचा रक्षक होता. त्याच्या अर्भक-प्रतिकृतीत फेझंटच्या शेपटीचे तंतू व तांब्याची बारीक तार एवढीच द्रव्ये असून धाग्याऐवजी तारच वापरली जाते. तिनेच बांधणी होते व वजनही मिळते. पोहणारे अर्भक पाय अंगाशी घट्ट धरते, हे पाहून त्याने पायांचे पीस मुळीच बांधले नाही. ग्रेलिंगसाठी त्याने करड्या-गुलाबी छटेच्या लोकरीची एक साधी माशी केली. तिचा हेतू मात्र ग्रेलिंगला अनुकूल नव्हता. ग्रेलिंग ट्राउटचे अन्न व जागा बळकावतो, या समजुतीने इंग्लंडमधील अनेक रक्षक त्याला नदीतून काढून टाकीत, आणि ही माशी त्या कामाचे साधन होती. आज त्याच माशाला स्वच्छ पाण्याचा निदर्शक म्हणून मान मिळतो.

अमेरिकेतील व यूरोपातील विकास : थिओडोर गॉर्डन (१८५४–१९१५) याला हॅलफर्डने १८९० मध्ये आपल्या माश्यांचे नमुने पाठविले. अमेरिकेतील कॅट्‌स्किल पर्वतातील प्रवाह अधिक खळाळते व तेथील कीटक वेगळे, म्हणून गॉर्डनने ते नमुने तसेच न स्वीकारता स्थानिक कीटकांवरून नवीन माश्या घडविल्या. १९२२ मध्ये मिशिगन राज्यात लेनर्ड हॅलडे याने केलेली ‘ॲडम्स’ ही करडी माशी जगभर पसरली. व्हिन्सेंट मॅरिनारो याने १९५० च्या आपल्या ग्रंथात तुडतुड्यासारख्या सूक्ष्म, जमिनीवरील कीटकांकडे लक्ष वेधले. हे कीटक गवतातून पाण्यात पडतात व ट्राउट ते आवडीने खातात.

स्वित्झर्लंडच्या जुरा भागात १९२० नंतर बदकाच्या तैलग्रंथीभोवतीची मऊ पिसे वापरण्याची प्रथा सुरू झाली. त्यांतील नैसर्गिक तेलामुळे व सूक्ष्म तंतूंत अडकलेल्या हवेमुळे माशी सहज तरंगते. स्लोव्हेनियात जन्मलेल्या मार्यान फ्रातनिक याने या पिसांची, धड व पंख एवढेच असलेली अत्यंत साधी माशी १९८० च्या सुमारास प्रचारात आणली. हान्स व्हान क्लिंकन या डच कारागिराने १९८४ मध्ये नॉर्वेतील ग्लोमा नदीवर ग्रेलिंगसाठी वेगळी रचना केली. तीत वाकड्या गळावरील धड पाण्याखाली लोंबते व आडवे गुंडाळलेले पीस तिला पृष्ठभागाला टांगून धरते. कात टाकून बाहेर पडणाऱ्या कीटकाची ही नेमकी स्थिती होय. जागतिक स्पर्धा १९८१ पासून सुरू झाल्यावर पोलंड व चेकोस्लोव्हाकिया येथील स्पर्धकांनी तळाशी घसटत जाणाऱ्या जड माश्यांचे तंत्र प्रसिद्धीस आणले. ब्रिटनमध्ये १९८७ पासून गळाच्या बहुतेक शिसेभारांवर बंदी आली. शिशाहून बरेच घन असलेल्या टंगस्टनचे मणी पुढे या माश्यांत सर्रास वापरले जाऊ लागले.

पिसांचा व्यापार व भारत : माशीच्या द्रव्यांसाठी जगभरचे पक्षी व प्राणी मारले गेले, ही या कलेची काळी बाजू होय. त्यात भारताचा संबंध प्रत्यक्ष आहे. सह्याद्रीसह द्वीपकल्पीय भारतात आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या (गॅलस सॉनेरॅटाय) मानेच्या पिसांवर मेणचट, मिन्यासारखे चकाकणारे ठिपके असतात. सॅमन माशाच्या शोभिवंत माश्यांत व मॅरिनारोच्या तुडतुड्यातही या पिसांना मोठी मागणी होती. भारतातून पक्ष्यांची कातडी व पिसे निर्यात करण्यास १९०२ मध्ये बंदी झाली. तरीही या पक्ष्याच्या मानेची कातडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी बाजारात मिळत राहिली. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने त्यास संरक्षण मिळाले. ब्रिटनने १९२१ च्या कायद्याने पिसांच्या आयातीवर निर्बंध घातले. हा मोह पूर्णपणे संपलेला नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीस गेली, ती व्हिक्टोरियन धर्तीच्या सॅमन माश्यांच्या पिसांसाठीच. नुकसान केवळ पिसांचे नव्हते. ज्यांच्या नोंदचिठ्ठ्या काढून टाकण्यात आल्या, त्या नमुन्यांचे वैज्ञानिक मूल्यही बव्हंशी नष्ट झाले. ट्राउट व ग्रेलिंगच्या माश्यांना मात्र आज रानपक्ष्यांची गरज फारशी उरलेली नाही. खास पैदास केलेल्या कोंबड्यांची लांब, ताठ पिसे, रंगविलेली लव व संश्लिष्ट तंतू यांवर बहुतेक काम भागते.

महाराष्ट्रातील नद्यांचे पाणी उन्हाळ्यात फार तापत असल्याने त्यांत ट्राउट नाही. ग्रेलिंग तर भारतात कोठेच नाही. तपकिरी ट्राउटची अंडी ब्रिटनमधून १८९९ मध्ये काश्मीरला पाठविण्यात आली. पहिला प्रयत्न फसला, पण १९०० मधील यशस्वी झाला. पुढे कुलू खोऱ्यातील बिआस नदीत हा मासा रुजला. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंद्रधनुषी ट्राउट स्थिर झाला. त्यांच्याबरोबर इंग्लिश माश्याही या डोंगरांत आल्या.

मूल्यमापन : कृत्रिम माशीच्या इतिहासात ग्रंथकर्त्यांची नावे राहिली, बांधणाऱ्यांची बहुधा राहिली नाहीत. दुकानांसाठी व कारखान्यांसाठी माश्या बांधणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. विसाव्या शतकात हे काम केन्या, श्रीलंका, थायलंड अशा देशांतही गेले. ज्या मजुरांनी ट्राउट कधी पाहिलाही नाही, त्यांच्या बोटांतून परंपरागत माश्यांचे वेढे अचूक उतरतात.

दुसरी गोष्ट नद्यांची. प्रत्येक परंपरागत माशी म्हणजे एखाद्या नदीत विशिष्ट महिन्यात विशिष्ट कीटक निघत असे, याची नोंदच होय. शेतीतील रसायने, सांडपाणी, गाळ व पाण्याचा उपसा यांमुळे यूरोपातील अनेक प्रवाहांतील कीटक घटले. मेंढ्यांच्या अंगावरील परजीवींसाठी वापरले जाणारे सायपरमेथ्रिनयुक्त औषध अत्यल्प प्रमाणातही जलकीटकांना घातक ठरल्यामुळे ब्रिटनमध्ये २००६ साली त्याची विक्री थांबविण्यात आली. ब्रिटनमधील गळकऱ्यांनी २००७ पासून नदीतळाचे ठराविक काळाने नमुने घेऊन त्यांतील अर्भके मोजण्याची मोहीम चालविली आहे. संख्या ठरावीक पातळीखाली गेली, की संबंधित शासकीय यंत्रणेला कळविले जाते. रोनल्ड्‌झने सुरू केलेले निरीक्षण अशा रीतीने नदीच्या राखणीस उपयोगी पडत आहे. जुन्या पुस्तकांतील कृतीवरून आज कोणतीही माशी बांधता येईल. परंतु तिचा मूळ कीटक ज्या पाण्यातून नाहीसा झाला, तेथे ती माशी केवळ एका लुप्त जीवाची प्रतिमा उरते.